कडप्प्याची चीर

आई, आज माझ्या स्वयंपाकघरात क्वार्ट्झचा नवा ओटा बसला. दगडाचा चुरा आणि राळ दाबून कारखान्यात केलेला, पांढराशुभ्र. बसवणारा जाता जाता म्हणाला, "मॅडम, डागबिग काही पडायचा नाही. फक्त तापलेलं भांडं थेट ठेवू नका, तडा जाईल." साठी उलटलेली बाई मी, पण एवढं ऐकून त्या रिकाम्या ओट्यावरून दहा वेळा हात फिरवून पाहिला.

चिंचवडच्या त्या खोलीपासून बाबांची कंपनी चालत जाण्याइतकी जवळ होती, दाराशी नळ होता, आणि तुझ्या संसारातला पहिला उभ्याचा ओटा होता. वर्षभरात दोन बिऱ्हाडं हलवून आलो होतो आपण. माडीवर राहणाऱ्या घरमालकीणबाईंनी आल्या आल्या बजावलं, "कडप्पा नवा हाय बाई. तडा गेला तर खोली खाली करायची, मी ऐकायची न्हाई." आठवडाही झाला नसेल. घाईत तू तापलेला तवा ओट्यावर टेकवलास, त्यावर पाणी सांडलं, चर्र झालं. स्टोव्ह सरकवून पुसायला गेलीस तर खाली केसाएवढी बारीक, वीतभर चीर. तुझा चेहरा पांढराफटक पडतो. "बाबांना बोलू नकोस हं," म्हणतेस, आणि मेणबत्ती वितळवून त्यात काजळ कालवून चीर बुजवतेस. पण आचेनं मेण पाघळणार, म्हणून स्टोव्ह जमिनीवर आला. तीन वर्षं तू त्या ओट्याच्या पायाशी बसून रांधलंस. बाई डोकावल्या की हसून म्हणायचीस, "उभ्यानं मला जमतच नाही हो." जिन्यावर त्यांची पावलं वाजली की तव्यावरची पोळी करपायची. गुडघे तुझे तिथेच गेले.

आपण राहायला आलो त्या दिवशी तुम्ही दोघं सामान आत घेत होतात आणि नऊ वर्षांची मी ओट्यावर चढून बसले होते. चीर तेव्हाही होती. मी ती नखानं या टोकापासून त्या टोकापर्यंत गिरवून पाहिली होती. तू घाबरलीस तेव्हा सांगणारच होते, पण वाटलं, तू बाईंशी भांडशील आणि खोली जाईल. पुढे तर वेगळीच भीती बसली, की तू विचारशील, इतके दिवस का गप्प होतीस? तू गेलीस तोवर मी गप्पच राहिले. तू हे वाचणार नाहीस म्हणून तर आज लिहायचा धीर झाला. समोर असतीस तर अजूनही बोलले नसते.