मेहुण्याच्या हाती दोर देण्याबाबत

प्रति,
मा. कार्यक्रम अधिकारी,
आदिवासी सलोखा व उपजीविका प्रतिष्ठान,
महादेवपुरा, बेंगळुरू.

विषय : बेळ्ळंदूर येथील इमारतीवरची आग्या मोहोळे काढताना श्री. तिम्मा यांचा दोर त्यांचे मेहुणे श्री. मास्ती यांनाच धरू देण्याबाबत.

संदर्भ : याच विषयावरचे माझे दोन इंग्रजी अर्ज व त्यांवरील आपला शेरा, ‘नियमात बसत नाही’.

महोदय,

मी आपल्या प्रतिष्ठानात क्षेत्र समन्वयक आहे. आमचे घराणे तीनशेहून अधिक वर्षे कानडी मुलखात आहे. त्यामुळे हाडीवरच्या, म्हणजे आदिवासी वस्तीवरच्या, लोकांशी बोलणे आणि त्यांचे म्हणणे आपल्यापर्यंत पोहोचवणे ही दोन्ही कामे माझ्याकडे आली. पहिले जमते. दुसरे दोनदा इंग्रजीत करून पाहिले. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात आपण म्हणाला होतात की मराठीत आलेले पत्र आपण स्वतः वाचता. त्या शब्दावर विसंबून हा तिसरा अर्ज करीत आहे.

१. जंगलातून उठवलेल्या जेनू कुरुब कुटुंबांची जाहीर माफी मागावी आणि त्यांच्याच अंगच्या विद्येवर त्यांना रोजगार द्यावा, हा आपल्या योजनेचा हेतू आहे. हेतूबद्दल माझी तक्रार नाही. मध काढणे ही त्यांची पिढीजात विद्या, आणि या शहरातल्या काचेच्या इमारतींना आग्या मोहोळांची वाण नाही. येत्या रविवारी बेळ्ळंदूरच्या ज्या इमारतीत सलोखा समारंभ आहे, तिच्या वरच्या मजल्यांना लागलेली मोहोळे तिम्मा यांनी शनिवारी पहाटे दोरावरून उतरून काढायची आहेत. माफीचे भाषण चालू असताना पाहुण्यांना माश्या डसू नयेत, एवढ्यासाठी हे काम तातडीचे आहे.

२. या हाडीत मध काढणाऱ्याचा दोर त्याच्या बायकोचा भाऊ धरतो. दुसरे कोणी धरत नाही, सख्खा भाऊसुद्धा नाही. भावाभावांत वाटण्या असतात, मनात काय असेल सांगता येत नाही. मेहुण्याने दोर सोडला तर त्याचीच बहीण विधवा होते, म्हणून तो सोडत नाही. आग्या माश्या उठल्या की वर उभ्या असलेल्यालाही फोडून काढतात, आणि तो तसाच उभा राहतो. तिम्मा मला म्हणाले, “अक्का, माझ्या मरणानं ज्याच्या घरी रडू येणार नाही, त्याच्या हातात दोर कसा देऊ?” हे वाक्य मी पहिल्या अर्जात इंग्रजीत घातले होते. आपल्या कार्यालयाने त्याखाली रेघ मारून ‘अप्रस्तुत’ असे लिहिले.

३. आपल्या नियमावलीप्रमाणे नातेवाईकांना एका पाळीवर नेमता येत नाही, कारण त्यातून वशिलेबाजी होते. म्हणून मास्ती यांना इलेक्ट्रॉनिक सिटीत कुंड्यांना पाणी घालण्यावर नेमले आहे, आणि दोर ठेकेदाराच्या माणसाकडे दिला आहे. त्याच्यापाशी प्रमाणपत्र आहे. सरावाच्या दिवशी मी गच्चीवर होते. पहिल्या माश्या मानेला डसताच तो माणूस दोर टाकून जिन्यात पळाला. त्याला दोष देत नाही. त्याच्या मागोमाग मीही पळाले. दोर कठड्याच्या फटीत अडकला म्हणून तिम्मा वाचले. भिंतीवर आपटून त्यांच्या खांद्याला मार बसला. अहवालात ‘सराव यशस्वी’ अशी नोंद आहे.

४. त्यानंतर तिम्मा यांनी चढायला नकार दिला. त्यावर ‘लाभार्थ्याने संधी नाकारली’ असा ठपका येऊन, नकार कायम राहिल्यास सगळी हाडीच योजनेतून वगळण्यात येईल, असे आपण कळवलेत. ते मी कानडीत वाचून दाखवले. तिम्मा म्हणाले, “सरी अक्का, चढतो.” भांडले असते तर बरे झाले असते. ‘सरी’ म्हणजे ‘ठीक आहे’, एवढेच.

५. आपले सहायक श्री. पद्मनाभ यांनी शुद्ध हेतूने एक तोड सुचवली. तिम्मा व त्यांच्या पत्नी पुट्टम्मा यांनी काडीमोडीचा कागद दाखवावा, म्हणजे मास्ती नातेवाईक उरणार नाहीत आणि त्यांना दोर धरता येईल. ही सूचना भाषांतरित करून सांगणे माझे कर्तव्य होते, ते मी केले. पुट्टम्मांनी विचारले, काडीमोड झाल्यावर मास्ती दोर कशाला धरील? आपल्याकडे ‘भीक नको, पण कुत्रा आवर’ म्हणतात. त्यापुढे त्या जे काही बोलल्या त्याचा मथितार्थ तोच होता.

६. आता मूळ अडचणीकडे येते. सोमवारी आपल्या टेबलावर पानात गुंडाळलेली मधाची बाटली आली. योजनेचा नमुना समजून आपण तो मध पोळीशी खाल्लात आणि ‘चव उत्तम, वेष्टन सुधारावे’ असा निरोप पाठवलात. तो नमुना नव्हता. ज्या बाईच्या नवऱ्याचा दोर धरायला भाऊ उरला नाही, ती नव्या भावाला असा मध पाठवते, आणि तो ज्याने खाल्ला तो तिचा भाऊ झाला. मला हे काल हाडीत गेल्यावर कळले. पुट्टम्मांचे म्हणणे सरळ आहे : ज्याने माझ्या भावाच्या हातातून दोर काढून घेतला, त्यानेच भाऊ व्हावे. नाते परत करता येते का, हे मी आपल्या वतीने विचारले. येत नाही.

७. सबब विनंती अशी की, मास्ती यांना शनिवारपुरती परवानगी द्यावी. ती देणे शक्य नसेल तर पहाटे आपण स्वतः गच्चीवर हजर राहून दोर धरावा. आपणही आता नातेवाईक असल्याने नियम आपल्यालाही लागू होईल, पण तो शिथिल करण्याचा अधिकार आपलाच आहे. अंगभर जाड कपडे घालावेत, अत्तर लावू नये, आणि काहीही झाले तरी तोंड पुसायला हात मोकळा करू नये.

यातले काहीच झाले नाही तरी तिम्मा शनिवारी चढणार आहेत. विधवा बाई आपल्यात जशी माहेरी जाते, तशी हाडीतही जाते. पुट्टम्मांनी मुलांचे कपडे गाठोड्यात बांधले आहेत. भाऊ कितव्या मजल्यावर राहतो, असे त्या मला विचारत होत्या. मी त्यांना आपल्या घरचा पत्ता लिहून दिला आहे.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून,

वसुमती शेषगिरी
क्षेत्र समन्वयक
बेंगळुरू, १२ मार्च २०२५