मोहाडीवरून जाणारं विमान

दुबई, रविवार

माझ्या आईले टीनाचा लांबूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, जेवणही वेळेवर करते. हात भाजला तो कुकरनं, विमानात काही झालं नाही. शेजारच्या राखीनं तुले उगाच घाबरवलं.

तू विचारलं, दोन्हींतली कोणती कंपनी बरी? इथली मोठी आहे. विमानं मोठी, राहाले घर फुकट, अन् टिकून राहिली तर कॅप्टन होईन. नागपूरची कंपनी लहान. विमान पंख्याचं, पगार निम्मा, दिवसभर चढ-उतार. बाबा म्हणतील, मोठी काहून सोडतं?

परवा कोलकात्याले जाताना खाली वैनगंगा चमकली. मी कॅप्टनले म्हटलं, "ते पाहा आमचं मोहाडी." त्यानं मान वळवेपर्यंत मोहाडी मागं पडलं होतं.

राखी सांगत होती, विमानाचा आवाज आला का तू अजूनही अंगणात धावतं अन् वर पाहून ओरडतं, "टीना, जेवून जा वं!" अवं आई, सगळ्याच विमानांत मी नसते. पण परवा होती. मले काहीच ऐकू आलं नाही.

धान चुरून पोत्यात भरलं का? बाबांचा गुडघा कसा आहे?

मी नागपूरवाल्यांले हो म्हटलं. बाबांले तूच समजाव. त्या कंपनीचं गोंदियाचं विमान आपल्या गावावरून जाते, अन् लय उंच जात नाही. तू हाक मारणं सोडू नको. सुट्टी झाली का संध्याकाळच्या बसनं जेवाले येईन.

तुझी, कधीची उपाशी,
टीना