अँपच्या पोटातला डबा

३ एप्रिल

लागला! अँप लागला!

माझ्या गिटारचा अँप्लिफायर, एवढी वर्षं दिवाणाखाली पडून होता. मागचं कापड उंदरांनी कुरतडलं — तरी बटण दाबलं आणि लाल दिवा लागला. गिटारच्या तारा गंजल्यात, पण आवाज आला. फक्त कोरडा. इकोची घुंडी पूर्ण फिरवली — काही नाही. तार छेडली की आवाज जागच्या जागी मरतो.

सासूबाई दारातून, "काऊन त्या खोक्यात जीव लावून राहिली? भात करपून राहिला तिकडं!"

करपलाच होता.

काल माझ्या जुन्या मैत्रिणीचा, फुलवंताचा मेसेज आला, त्यामुळे हे सगळं. तिच्या भाचीचं, खुशबूचं लग्न आहे, मे महिन्यात देवरीला. "रायपूरहून येतो. एक दिवस तुझ्याकडं थांबतो. अँप आहे का गं अजून?"

आहे का म्हणे!

५ एप्रिल

फुलो, म्हणजे फुलवंता, गायची, मी गिटार. कॉलेजच्या गॅदरिंगपासून सुरुवात, मग लग्नांच्या ऑर्केस्ट्रात. नागपूरचा एक ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा बाबांनी त्यांचा हा अँप आणून दिला. एकाच अँपात माझी गिटार आणि तिचा माइक. तिच्या आवाजाला इको लागला की मांडवातली माणसं वाढलेलं ताट तसंच धरून उभी राहायची. मी वाजवता वाजवता बघायचे आणि अंगावर काटा यायचा.

मग तिला रायपूरच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली, मला गोंदियाजवळ कुडव्यात सासर मिळालं. आधी फोन. मग मेसेज. मग नुसतं दिवाळीला पणतीचं चित्र. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं.

बाजारात मुन्नालालकडे अँप घेऊन गेले. तो टीव्ही, डीजेचे अँप दुरुस्त करतो. त्याने उघडलाही नाही. "अरे भाभी, स्प्रिंगवाले इको का जमाना गया. मोबाइल में डाल लो ना!"

मोबाइल में! परत स्कूटीवर बांधून आणला. आता मीच उघडणार.

६ एप्रिल

उघडला. तळाशी रेक्झिनच्या पिशवीत एक लांबट पत्र्याचा डबा. आत बारीक स्प्रिंगा ताणून बसवलेल्या, पैंजणाच्या साखळीएवढ्या नाजूक. आवाज एका टोकाने आत शिरतो, स्प्रिंगांवरून थरथरत जातो, दुसऱ्या टोकाने जरा उशिरा बाहेर पडतो — तोच इको. म्हणजे फुलोचा आवाज यातून जायचा! इतकी वर्षं माहीतच नव्हतं.

एका टोकाची केसाएवढी तार तुटली आहे. कथलाचा डाग देऊन जोडायला गेले तर आणखी तुटली. नवा डबाच लागणार. मागवला.

१५ एप्रिल

डबा आला. लांबी तीच, भोकं तीच. बसवला — आणि इको इतका बारीक, की तलावापलीकडून कुणी हाक मारावी. मग नीट पाहिलं. जुन्या डब्यावर ठोकलेला नंबर वेगळा, नव्यावर वेगळा. दिसायला सारखे, पण आतल्या तारेचं माप निराळं. चूक माझीच.

परत पाठवला. आणि मग रडले. एका पत्र्याच्या डब्यासाठी!

२४ एप्रिल

नंबर जुळवून मागवलेला आला. स्क्रू पिळले, दोन्ही वायरी खोचल्या — भुंग्यासारखी गुणगुण, इको नाहीच. चहा केला. चहा पिता पिता लक्षात आलं — वायरी उलट्यासुलट्या झाल्या! बदलल्या.

तार छेडली.

आवाज गेला... आणि परत आला. आमच्या एवढ्याशा खोलीत केवढा मोठा मांडव उभा राहिला! मी तशीच बसले, हात तारांवर.

हे राइस मिलमधून आले ते हेल्मेट न काढताच उंबऱ्यात थांबले. लग्नाआधी एका मांडवात यांनी मला वाजवताना पाहिलं होतं.

उठताना माझा पाय अँपला लागला, आतल्या स्प्रिंगा हादरल्या आणि असा गडगडाट झाला की सासूबाई ओरडल्या, "छत पडलं का वं?"

हसून हसून पोट दुखलं.

२ मे

फुलोचा मेसेज. सुट्टी कापली. रायपूरची बस हायवेने थेट देवरीला जाते, तिथेच उतरणार, लग्न झालं की तशीच परत. "गोंदिया नाई जमत गं. पुढच्या वेळी."

"चालेल" लिहून पाठवलं. अँपवर चादर टाकली.

३ मे

आज वाजवलं नाही.

५ मे

जेवताना हे एकदम म्हणाले, "ते येत नाई तं आपण जाऊ. मिलची गाडी मागतो."

"अँप घेऊन?"

"मंग का नुसतं जेवाले जाऊन राहिलो?"

सासूबाई पोळी मोडता मोडता, "खाली गादी घाल. हादरला तं अजून रडत बसशील."

म्हणजे त्या दिवशी त्यांनी पाहिलं होतं.

९ मे, देवरी

पोचलो. घाटातल्या प्रत्येक खड्ड्याला मागून स्प्रिंगांची कुरकुर ऐकू येते आहे असं वाटत होतं — बंद अँपातून! फुलोचे वडील, मनीरामबाबा, मांडवाच्या तोंडाशीच होते. "आली का गोंदियावाली! उतरवा रे तो खोका!" ओसरीत लावून पाहिला. डबा शाबूत.

फुलो हळदीच्या हातांनीच धावत आली. कानाजवळ पांढरे केस, अंगाने भरली आहे. हात धरला तो सोडेना. पण तेवढ्यात कुणी हाक मारली, मग दुसऱ्या कुणी. दिवसभर ती माणसांत, मी तिच्याकडे बघत. जाता जाता म्हणाली, "उद्या सकाळी. वरात गेल्यावर."

१० मे

वरात गेली. फुलोने माइक घेतला. इको मी भरपूर ठेवला होता. एक ओळ गायली आणि थांबली.

"बंद कर तो, दुर्गे."

मला वाटलं, बिघडला.

"नाई, चांगला लागला. पण दवाखान्यात जे पेशंट आता बरे होणार नाई, त्यायच्या खाटेजवळ बसून गातो मी. त्यायले घुमणारा आवाज नाई पायजे. जवळचा पायजे."

घुंडी शून्यावर आणली. तिने माइक खाली ठेवला, मी गिटारची वायर काढली. ती माझ्या खांद्याला खांदा लावून बसली आणि हळू गायला लागली. आवाज जाड झालाय, वरचा सूर लागत नाही, मधे दम घेते.

एवढी वर्षं मी आठवत होते तो हा आवाज नाही. हा आज पहिल्यांदा ऐकला.