सहा ते दहा इस्त्री बंद

तीर्थस्वरूप ताईंना,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे प्रत्यक्ष वाकणं होत नाही, तेव्हा कागदावरचाच पुरा मानून घ्यावा.) तुमचा रक्तदाब आणि साडूभाऊंचा खोकला आपापल्या मर्यादेत असतील अशी आशा करतो. दहा दिवसांपूर्वी तुमच्याकडे आलेल्या पाहुणीची, म्हणजे माझ्या बायकोची, तब्येतही जाता जाता कळवावी. मी मजेत आहे. तिने तुम्हाला एव्हाना सगळं सांगितलं असेलच, पण त्यात मीटरची बाजू आली नसणार, म्हणून हा खटाटोप.

तुम्हाला ठाऊकच आहे, बत्तीस वर्षं मी दारोदार फिरून लोकांच्या विजेच्या मीटरवरचे आकडे टिपले. त्यापायी दोनदा कुत्रं चावलं (दोन्ही वेळा एकच). त्यामुळे आपले आकडे आपणच ऑफिसला कळवणारं स्मार्ट मीटर बसवायला माणूस आला, तेव्हा मी दार अडवून उभा राहिलो. हिने त्याला आत घेतलं, स्टूल दिलं आणि ते धरायला मलाच लावलं. मग लेकीने माझ्या मोबाइलमध्ये त्या मीटरचं ॲप टाकलं, आणि परगावी असते म्हणून स्वतःच्याही मोबाइलमध्ये टाकून घेतलं. दर अर्ध्या तासाला किती वीज लागली त्याची एकेक दांडी त्यात उभी राहते. ज्याने जन्मभर एका घराचा महिन्याला एकच आकडा पाहिला, त्याला दिवसाला अठ्ठेचाळीस दांड्या! माणसाचं डोकं फिरेल नाही तर काय? संध्याकाळी सहा ते दहा सगळं गाव एकदम वीज ओढतं, म्हणून तेव्हा ती महाग असते, हेही मला त्यातच समजलं. मी लगेच वेळापत्रक करून फ्रिजवर चिकटवलं. कपड्यांचं मशीन दुपारी, पाणी तापवणं पहाटे, सहा ते दहा इस्त्री बंद.

पहिली दोन कलमं हिने निमूटपणे पाळली, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. घोडं अडलं ते इस्त्रीपाशी. हिचा शिवणाचा व्यवसाय, गिऱ्हाइकं कामावरून सुटल्यावर संध्याकाळी माप बघायला येतात, आणि शिवण दाबल्याशिवाय कपडा अंगावर नीट बसत नाही (हे शास्त्र मला आता पाठ आहे). एका संध्याकाळी ही कॉलर दाबत असताना मी जाऊन प्लग काढला. समोर गिऱ्हाईक बाई एकाच बाहीत हात घालून उभ्या होत्या. त्या गेल्यावर ही पिशवी भरून शांतपणे म्हणाली, "तुम्हाला तो आलेख खाली आणायचाय ना? मी ताईकडे जाते. आपोआप येईल."

आला. इतका खाली आला, की घरात कोणी राहतं की नाही अशी शंका यावी. तिसऱ्या दिवशी लेकीचा फोन. आईची संध्याकाळची इस्त्री दिसत नाही, ती आजारी आहे का? मी म्हटलं, शिवणाऱ्या बाईनेही कधी विश्रांती घ्यावी. दुसऱ्या दिवसापासून मात्र ठीक सहाला इस्त्री घेऊन बसलो. रुमाल झाले, उशांचे अभ्रे झाले, पडदे झाले (दांडीवरून न काढता), शेवटी कालचं वर्तमानपत्र झालं. चार दिवस हे निभावलं आणि पाचव्या दिवशी पुन्हा फोन वाजला.

"बाबा, आईची इस्त्री थांबत थांबत चालते. ही दोन-दोन तास सलग चालतेय. आई कुठे आहे?"

थोडी टाळाटाळ करून मी खरं काय ते सांगितलं. मला वाटलं आता बोलणी बसणार. पण तिने एवढंच विचारलं, "तुम्ही जेवताय ना नीट?" ताई, बत्तीस वर्षं मी लोकांचे आकडे उतरवून घेतले, पण कोणाच्या घरात कोण नाही हे त्यात लिहिलेलं असतं, हे एकदाही माझ्या ध्यानात आलं नाही.

असो. तक्रार काही नाही. घर शांत आहे आणि उशांचे अभ्रे कडक आहेत. साडूभाऊंना नमस्कार.

आपला,
मेहुणा

ता. क. ही परत कधी निघणार, हे तुम्ही आपलं म्हणून सहज विचारावं. माझं नाव काढू नये. (निघालं तरी हरकत नाही.)

ता. क. दुसरा : वर एक गोष्ट लिहायची राहिली. वर्तमानपत्रानंतर मी हिच्या टेबलावरचा गिऱ्हाइकाचा राखाडी कोटही घेतला होता. त्याच्या पाठीवर आता तव्याएवढा डाग आहे. गिऱ्हाईक शनिवारी येणार, आणि उरलेलं कापड कुठे ठेवलंय ते हिलाच माहीत.

ता. क. तिसरा : ही म्हणणार, कोटासाठी बोलावताय. तेव्हा तिला इतकंच सांगा, की कोट मंगळवारी जळला. पत्र मी रविवारपासून लिहितोय आणि फाडतोय.