काळ्याची घंटा

दादा,

हे पत्र तू रजेवर येईपर्यंत माझ्याकडेच राहील.

काल आघाडीवरून फोन केलास तेव्हा नेहमीसारखं म्हणालास, "काळ्याला दे गं जरा!" आपला बैल गेल्याच आठवड्यात पोट फुगून मेला, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि आईने हात जोडले. मग रिकाम्या गोठ्यात जाऊन मी त्याच्या गळ्यातली घंटा फोनजवळ हलवली.

"लबाड! चारा मागतोय," तू हसलास. "तो आहे म्हणून पेरणीचा घोर नाही. पण पदवीधरबाई, घरात तू एकटीच खोटं बोलत नाहीस. बरा आहे ना तो?"

मी पुन्हा घंटा हलवली.

तुझी,
पदवीधरबाई