ताईच्या अकरा बिया

३ मार्च, रविवार
ताईचं पाकीट शेवटी उघडलं. अकरा बिया. तिच्या सूर्यफुलांना एकेका झाडाला दहा-पंधरा फांद्या येतात आणि प्रत्येक फांदीला विटकरी फूल. एकोणीस वर्षं ती दर हंगामात फुलं वाळवून बी धरत आली. आता लेकाकडे सहाव्या मजल्यावर राहायला गेली आहे, तिथे कुंडीलाही जागा नाही. "सगळ्या तुला दिल्या, चिमे. एक फूल वाळवून मला बी परत दे, म्हणजे झालं." बिया रात्रभर भिजवल्या की लवकर रुजतात, असं वाचलं. वाटीत भिजत घातल्या.

७ मार्च
वाटी विसरले. ऑफिसात तपासणी, रोज यायला उशीर — वाटी वॉशिंग मशीनमागच्या फळीवर तशीच. आज वास आला म्हणून ह्यांनी दाखवली. एक बी दाबून पाहिली, आतून पांढरा गाळ आला. तरी सगळ्या पेरल्या. पेरल्या असं म्हणता यावं म्हणून. दुसरं कारण सुचत नाही.

१७ मार्च
काही उगवलं नाही. उकरून पाहिलं. नुसती टरफलं.
संध्याकाळी ताईचा फोन. "आल्या का गं वर?" मी म्हटलं, "आल्या." एवढाच शब्द. मग ती गोगलगायींपासून कसं सांभाळायचं ते सांगत राहिली आणि मी हं हं करत राहिले.

१८ मार्च
नर्सरीतून सूर्यफुलाचं बी आणलं. पाकिटावर छापलंय — एक बुंधा, एक फूल. फांद्यांचं नव्हतंच त्यांच्याकडे. नर्सरीवाला म्हणाला, "फूल ते फूल, मॅडम."
हे म्हणाले, "अगं, सांगून टाक ना. बिया होत्या, हिरे नव्हते." ह्यांचं बरं आहे. लहानपणी शाई सांडली, छत्री हरवली, की ताई रागावायची नाही. म्हणायची, "जाऊ दे, चिमीच ती." ते पुन्हा ऐकायचं नाही मला.

१४ एप्रिल
नर्सरीच्या बियांची नऊ रोपं आली, आता वीतभर झाली. शेंडा खुडला की बगलेतून फांद्या फुटतात, हे शेवंतीमुळे माहीत होतं. नऊच्या नऊ खुडली. हे बागकाम आहे, यात खोटं कुठंय, असं स्वतःला समजावत.

२ मे
फांद्या नाहीत. शेंड्याच्या जागी खपली. दोन रोपांना बोटभर खुरटी डहाळी, बाकीची पानं घेऊन नुसती उभी. आणि रविवारी ताई बघायला येतेय.

५ मे, रविवार
ताई गुडघे धरत वाफ्याशी बसली. खपलीवरून अंगठा फिरवला.
"शेंडा खुडलास?"
"हो. फांद्या फुटाव्यात म्हणून."
"माझ्यांचा खुडावा लागत नसे. आपणहून फुटायची."
तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. त्यातून बाहेर काय पडलं, तर — चहा टाकू का? दोन कप चहा प्यायली. निघताना माझी पाठ थोपटली. ते थोपटणं अजून पाठीवरून जात नाही.

६ मे
सकाळी फोन करून सगळं सांगितलं. वाटी, "आल्या", नर्सरीचं पाकीट, सगळं.  ताई "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. रागावली असती तर परवडलं असतं. "चिमीच ती" सुद्धा म्हणाली नाही.

१३ मे
टपालाने पाकीट आलं. आत नऊ बिया, काळ्या-करड्या, ओळखीच्या. सोबत ताईची चिठ्ठी:
"सगळ्या दिल्या म्हणाले होते, ते खोटं होतं. जवळजवळ अर्ध्या आधीच काढून ठेवल्या होत्या. तुझ्या हातून जाणार हे धरूनच चालले होते मी. तू सांगितलंस, मला मात्र फोनवर धीर झाला नाही. या खरंच सगळ्या."