३१२ आलं कुठून?

३ एप्रिल, सकाळी ६.१०
हा सीझन पुरा करायचाच. चार वर्षांत सात नोकऱ्या सोडल्या. दर वेळी दोष जागेचा होता. इथे तसं नाही. काम सोपं. पाठीवर ट्रान्समीटर चिकटवलेली वाळवंटातली कासवं अँटेना फिरवून शोधायची, नकाशावर ठिपका द्यायचा. रोजनिशीही रोज लिहायची.
३१२ नंबरचं कासव आज पुन्हा हायवेच्या कुंपणाशी. नवा मुलूख शोधतंय. माझ्याच स्वभावाचं.

६ एप्रिल
मधले दोन दिवस पेन ट्रकच्या सीटखाली गेलं होतं. काढायला वाकलो तर तोच जुना वास. ट्रकच असा.
मोठी बातमी. ३१२च्या रक्ताचा रिपोर्ट आला. त्याचे जीन्स इथल्या कासवांचे नाहीतच, हायवेच्या दक्षिणेला नीडल्स गावापलीकडच्या खोऱ्यातले आहेत. पंचेचाळीस मैल! बाकीची कासवं मैलभर जायला कंटाळतात.
ओफेलिया, माझी बॉस, वीस वर्षं कासवंच मोजतेय. म्हणाली, हायवे झाल्यापासून या दोन खोऱ्यांचं रक्त मिसळलेलं मी पाहिलं नाही. कुणीतरी उचलून आणलं असणार. मी म्हटलं, का? पाय आहेत त्याला. पाय तुलाही आहेत बाबा, म्हणाली, पाण्याच्या टाकीपर्यंत तरी जातोस का?
शिवाय पाठीच्या मागच्या कडेला ते भोक कसलं, म्हणे. मी फॉर्मवर लिहिलंय: कोयोटी कोल्ह्याचा दात. एवढा गोल? असतात काहींचे दात चांगले.

९ एप्रिल
ठरलं. ३१२ कुठून आलं, कसं आलं, हे महिनाअखेर पुराव्यानिशी लिहून दिलं तर ओफेलिया मला सीझननंतरही ठेवून घेणार. कायमचं.
पुरावा काय, त्याच्या वाटेनं मीच चालून दाखवतो. हायवेखालच्या मोरीतून पलीकडे, डोंगर ओलांडून थेट नीडल्स. कासवाला जमलं ते मला तीन दिवसांत.

११ एप्रिल
लोरेटा मावशीचा फोन. तिनंच मला वाढवलं. परत तेच: बार्स्टोच्या त्या लोकांकडे बिस्किट बरं आहे ना रे? गुडघे गेल्यावर तिला पाळलेल्या कासवाचं करवेना, म्हणून चार वर्षांपूर्वी तिनं बिस्किट माझ्याकडे दिलं होतं, त्या लोकांकडे पोचवायला. मी म्हटलं, मजेत आहे, जास्वंदीची फुलं खातं. ती इतकी खूश झाली की मी त्या घरात दोन मुलं आणि एक कारंजं घातलं.
दर वेळी काय विचारायचं? सांगितलेलं काम केलंय. साधारण.

१५ एप्रिल
मोहीम सुरू. मोरीत फार गार होतं. झोप लागली.

१६ एप्रिल
मोरीपलीकडे पेट्रोल पंप. दुकानात पिनबॉलचं मशीन. एक तास खेळलो. चार.

१७ एप्रिल
टाच सोलवटली. कासवांना बूट नसतात हा त्यांचा मोठा फायदा. परत.

२४ एप्रिल
रिपोर्ट तयार. अकरा पानं, लाल पेनानं वाट. पूर्ण चाललो नाही हे खरं, पण चाललो असतो तरी निष्कर्ष हाच निघाला असता. सगळ्यात पक्का पुरावा: ३१२ दर आठवड्याला कुंपणाशी दिसतं, म्हणजे तिथूनच आत आलं. मावशीला फोन केला, ये, तुझा ऑटिस कायम होतोय.

२६ एप्रिल
मावशी आली. काठी टेकत, पीचचा केक घेऊन. ओफेलियानं आम्हाला ३१२ दाखवायला नेलं. मावशी वाकली आणि वाकलेलीच राहिली. म्हणाली, हे भोक माझ्या नवऱ्यानं, व्हर्जिलनं पाडलंय, हातगिरमिटानं. दोरी बांधायला, रस्त्यावर जाऊ नये म्हणून. नीडल्सपलीकडे रस्त्याच्या कामावर होता ना, तिथे सापडलं होतं त्याला.
मग तिनं माझ्याकडे बघितलं. ऑटिस, ती दोन मुलं? कारंजं?
ओफेलिया टोपी काढून आतलं लेबल वाचत होती.
सांगितलं. नीडल्सहून, मावशीच्या घरून निघालो. वेगसला नोकरीवर पोचायचं होतं, बार्स्टो उलट्या बाजूला. वाटेत ते सीटवर मुतलं, उन्हाळाभर जगायला साठवलेलं सगळं पाणी. मी चिडलो, ट्रक थांबवला, झुडपाखाली ठेवलं. निघताना बाटलीतलं पाणी त्याच्यापुढे ओतलं. बहुतेक ओतलं. वेगसची नोकरी तीन आठवडे टिकली.
मावशी ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मला गाडीत बसव, एवढंच म्हणाली. केक तसाच राहिला. कुणी कापला नाही.

२८ एप्रिल
ओफेलियानं अकरा पानं परत दिली. रागावली नाही, दमलेली दिसत होती. म्हणाली, एक ओळ पुरे: नीडल्स ते इथे, पिकअप ट्रक, साधारण एक तास. परवा माझा शेवटचा दिवस.
मग तिनं नकाशा पुढे केला. ठिपके माझेच. म्हणाली, ठिपके बरोबर दिलेस रे, वाचलेस उलटे. चारही वसंतांत हे असंच करत असणार बिचारं. झुडपापासून सरळ दक्षिणेला, कुंपण लागलं की कडेकडेनं मैलभर, मग माघारी. मोरी तिथून चारशे पावलं पुढे आहे. कायद्यानं उचलून न्यायची परवानगी नाही. मला तर नाहीच.
'दिशा' या रकान्यात महिनाभर मी 'आत येतंय' लिहिलं होतं. बसून सगळ्या पानांवर ते खोडलं. 'घरी जातंय' लिहिलं. एकोणीस वेळा.
दुपारी मावशीचा फोन. आज कुठवर गेलं, एवढंच विचारलं.
कुंपणापर्यंत, म्हटलं.